आधी पत्रा, मग इंजिन

आवारात वर्षानुवर्षं पडून असलेली प्रीमियर पद्मिनी कुणी बघायला बोलावलं, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘इंजिन चालू होईल ना?’ मी आधी दार उघडतो, पायाखालचं मॅटिंग उचलतो आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने फ्लोअरचा पत्रा टोचून बघतो. इंजिन बहुतेक वेळा जागं होतं. गाडी वाचणार की नाही, हे पत्रा सांगतो.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला बांधलेली ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. तिला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालच्या दोन पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, मोठा भार पेलतात. पाणी निचरायची भोकं मातीने बुजली की गंज आतून बाहेर येतो. वरून लांबी भरून रंग मारलेला असला, तर डोळे फसतात. अशा वेळी लोहचुंबक फिरवावा, लांबीच्या थरावर तो धरत नाही.

सिल बदलताना गाडी सपाट जमिनीवर, घोड्यांवर नीट टेकवावी, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, दारांच्या चौकटीला आतून आडवे पाइप टाकावेत आणि एका वेळी एकच बाजू कापावी. दोन्ही बाजू एकदम उघडल्या, तर बॉडी मधोमध बसते. मग दारं लागत नाहीत आणि उत्तम रंगकामाचाही उपयोग होत नाही.

पत्र्याचा निकाल लागला, की १०८९ सीसीच्या इंजिनाकडे वळावं. घाईने स्टार्टर मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, दोन दिवस मुरू द्यावं, मग क्रँक हातानेच फिरवावा. रिंग चिकटलेल्या असतील, तर हाताला लगेच कळतं. जुनं पेट्रोल आणि ऑइल काढून टाकावं. ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं दिसायला कितीही चांगली असली, तरी सगळी नवी घालावीत.

आता बदलांविषयी. माझा नियम एकच आहे: आज केलेला बदल उद्या दुसऱ्या कुणाला पाने घेऊन उलटवता आला पाहिजे. पॉइंट आणि कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालीच मावतं. हेडलाइटला रिले लावा, जुन्या स्विचवरचा भार उतरतो आणि उजेड वाढतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, म्हणून इथेनॉल सोसणारे घाला. हे बदल गाडीला आजच्या रस्त्यावर सुरक्षित ठेवतात. पण मोठं इंजिन बसवायला फायरवॉल कापणं, स्टिअरिंगवरचा गिअर काढून फ्लोअरला भोक पाडणं, हे मी करत नाही. कापलेला मूळ पत्रा पुन्हा मिळत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. इंजिन किंवा रंग बदलला, तर आरटीओकडे नोंद हवीच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास आलं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या उंबरठ्यावर आहेत. आज हौसेने फायरवॉल कापणारा मालक तो मान स्वतःच्या हाताने घालवतो.

मुंबईच्या टॅक्सींमधून पद्मिनी २०२३ मध्ये निवृत्त झाली. उरल्या त्या लोकांच्या घरी. म्हणून पैसा बेताचा असेल, तर चकचकीत रंग आणि अलॉय व्हील पुढच्या वर्षावर टाका, यंदा फक्त सिल आणि ब्रेक करा. एवढं नीट झालं, तर बाकीच्या कामाला घाई नाही.