रक्ताचं प्रकरण आधी वाचा!

बी.फार्म.च्या पहिल्या सेमिस्टरला 'ह्यूमन ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी' हा विषय असतो, हे ठाऊक होतं. तो इतका भन्नाट असतो, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं! इकडे भंडाऱ्यात धानाची मळणी सुरू, तिकडे आमचा अभ्यास. ७५ गुणांचा पेपर, तीन तास, २०६ हाडं. पाठांतरासाठी कंबर कसून बसले आणि रक्ताच्या प्रकरणात अशी रमले की पुस्तक मिटवेना.

लाल रक्तपेशीच घ्या. तिला केंद्रकच नाही! का? हिमोग्लोबिनला जागा हवी म्हणून. दोन्ही बाजूंनी खोलगट का? वायूंच्या देवाणघेवाणीला पृष्ठभाग जास्त मिळतो म्हणून. आणि लवचीक इतकी की स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग मुडपून निघून जाते. सुमारे १२० दिवस तिचं हेच काम. प्रत्येक आकारामागे कारण आहे, आणि कारण कळलं की उत्तर आपोआप लिहिता येतं!

मग आलं हिमोग्लोबिन. चार साखळ्या, ५७४ अमिनो आम्लं. दोन्ही बीटा साखळ्यांत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं, म्हणजे ५७४ पैकी फक्त २ जागा बदलल्या, की ऑक्सिजन सुटताच हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दांडे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक वाहिन्या तुंबतात, असह्य कळा येतात. अशी पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकते. सिकलसेल! आपल्या पूर्व विदर्भात गावोगावी ऐकू येणारा आजार, आणि तो चक्क माझ्या सिलॅबसमध्ये!

लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी ते बदललेलं अमिनो आम्ल नेमकं हुडकलं. आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आपल्या भागाचं रक्त जगाच्या विज्ञानात!

आता सिकलसेलच्या आरोग्य शिबिरातलं सगळं उलगडतं. सोल्युबिलिटी टेस्टची नळी गढूळ झाली आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे विरघळायला तयार नसलेलं हिमोग्लोबिन आत आहे. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस सांगतं, 'एएस' (वाहक) की 'एसएस' (रुग्ण). आशाताई भरपूर पाणी प्यायला का सांगतात? शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि दांडे लवकर बनतात. फॉलिक ॲसिडची गोळी का? पेशी भराभर मरतात, नव्या घडवायला ते लागतं. हायड्रॉक्सीयुरिया का? ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि हे हिमोग्लोबिन चिकटत नाही! आईवडील दोघंही 'एएस' असले, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ 'एसएस' असण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधीच्या तपासणीचा आग्रह याच आकड्यापोटी.

हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या नळीत स्वतःच्या रक्ताचा थेंब टाकून त्याचा तपकिरी रंग जुळवताना प्रॅक्टिकलमध्ये जो थरार वाटतो ना, तो प्रत्येकाला मिळायला हवा. मित्रमैत्रिणींनो, नोट्स घोकू नका, 'का?' विचारा. रक्तापासून सुरुवात करा. उद्या औषधाच्या काउंटरवर हायड्रॉक्सीयुरियाची चिठ्ठी घेऊन कुणी उभं राहील, तेव्हा ते औषध आत काय करतं हे त्याला त्याच्याच भाषेत सांगता आलं पाहिजे. गुण तर मिळतीलच!