गोलात कोण उभं राहणार?

पावसाळ्यात आमच्या मूलला धानाच्या बांध्यांत पाणी साचतं, तसंच शाळेच्या मैदानातही साचतं. तरी पोट्टे फुटबॉल खेळतातच. दोन दप्तरं ठेवली की झाला गोल! भांडण एकाच गोष्टीचं, गोलात कोण उभं राहणार? शेवटी ज्याला पळता येत नाही, त्याला उभं करतात. लहानपणी तो मी होतो. एकदा चेंडू माझ्या दोन्ही पायांमधून गेला आणि आम्ही हरलो. आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं नाही.

परवा चौथीतला एकजण असाच रडत वर्गात आला. "गुरुजी, मी नाही जात आता गोलात."

मी त्याला ब्रह्मानंद शंखवाळकरांबद्दल सांगितलं. गोव्यातल्या ताळगावचे, जन्म १९५४ चा. साळगावकर क्लबकडून ते कितीतरी वर्षं खेळले. गोलरक्षक असूनही भारताचे कर्णधार झाले! (आमच्या मैदानावर गोलकीपरला टॉस करायलासुद्धा कुणी बोलावत नाही.) १९८४ साली गोव्याने संतोष करंडक जिंकला, तेव्हा अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. १९९७ चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

पोरगा डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे त्यांच्यावर कधीच गोल झाला नाही?"

"झाले की! इतकी वर्षं खेळले, पुष्कळ झाले असतील."

"मग लोक बोलले नाही त्यांना?"

"बोलले असतील. पुढच्या सामन्याला ते पुन्हा गोलात उभे राहिले."

तो जरा वेळ गप्प बसला. मग दप्तर उचलून मैदानाकडे पळाला. गोलाला एक दप्तर कमी पडत होतं म्हणे.