गाण्यातली मेरी

1962 सालच्या ऑक्टोबर महिन्यात सहा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. 5 ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या चार तरुणांची ‘लव्ह मी डू’ ही तबकडी विक्रीस आली, आणि 11 ऑक्टोबरला रोममध्ये पोप जॉन तेविसावे यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे उद्घाटन केले. त्या वेळी वसईच्या वाड्यांमधून आम्ही कोणी पाळण्यात होतो, तर कोणी नुकते अंगणात रांगू लागलो होतो. पहिली बातमी आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हती. दुसरी रविवारच्या प्रवचनातून वडीलधाऱ्यांच्या कानी आली असेल. इतिहासकार या दोन घटनांचा एकत्र उल्लेख करीत नाहीत, आणि त्यांनी तो करावा असे काही कारणही नाही. आमच्या आयुष्यात मात्र त्या हातात हात घालूनच शिरल्या. परिषदेने 1963 च्या डिसेंबरात उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. वेदीवरची लॅटिन हळूहळू मागे सरली, मराठी पुढे आली, आणि चर्चच्या माळ्यावरील जुन्या हार्मोनियमशेजारी एके दिवशी गिटार येऊन बसली. ती हाती घेण्याची ओढ आम्हांला लावली ती बीटल्सनी.

आमच्याकडे ‘बँड’ म्हटला की तो लग्नाच्या वरातीतला, पितळी वाद्यांचा. गणवेश घातलेले दहा-बारा वादक, पुढे क्लॅरिनेट, मागे ढोल. तीन गिटारी आणि एक ड्रम घेऊन उभ्या राहिलेल्या चौघांना बँड म्हणावे हे आमच्या वडिलांना अखेरपर्यंत पटले नाही. त्यांची गाणी आमच्यापर्यंत आली तीही उशिराच. रेडिओ सिलोनवर एखादे कानी पडे. पुढे एका मित्राच्या मामांनी, जे जहाजावर नोकरीला होते, एक रेकॉर्डप्लेयर आणि काही तबकड्या आणल्या. मुंबईच्या दुकानांतून मिळत त्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात काढलेल्या असत. आम्ही मराठी माध्यमाची मुले. शब्द निम्मे कळत, निम्मे आम्ही ऐकू येतील तसे देवनागरीत वहीवर उतरवून घेत असू. अर्थ लागत नसला तरी त्या वहीवरून गाताना आमचा सूर कधी अडला नाही. आम्ही त्यांच्या नादी लागलो तोवर, म्हणजे 1970 सालीच, हा वाद्यवृंद मोडलाही होता. त्याने आमचे काही बिघडले नाही. आमच्या वाडीत त्यांचे प्रत्येक गाणे नवीनच होते.

वडीलमंडळींचा खरा आक्षेप वेगळा होता. 1966 च्या मार्चमध्ये लंडनच्या एका सायंदैनिकाला दिलेल्या मुलाखतीत जॉन लेनन याने, आपण आता येशूपेक्षाही अधिक लोकप्रिय झालो आहोत, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. इंग्लंडमध्ये त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. उन्हाळ्यात तेच वाक्य अमेरिकेतील एका नियतकालिकाने छापले, तेव्हा दक्षिणेकडील गावांतून तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. ऑगस्टमध्ये शिकागो येथे लेनन याला पत्रकारांपुढे खुलासा करावा लागला. आमच्या धर्मग्रामात हे प्रकरण दहा वर्षे जुने होऊन पोहोचले. परंतु त्याची धग कमी झाली नव्हती. ‘ज्याने प्रभूची बरोबरी केली त्याची गाणी आमच्या माळ्यावर नकोत,’ असे एका ज्येष्ठ धर्मग्रामस्थांनी सभेत बजावले. पुढे 2008 साली व्हॅटिकनच्याच दैनिकाने, ती अनपेक्षित यश लाभलेल्या एका कामगारवर्गीय तरुणाची बढाई होती, अशा शब्दांत त्या विषयावर पडदा टाकला. ते वाचावयास ते ज्येष्ठ गृहस्थ हयात नव्हते. असते तरी त्यांनी मत बदलले असते असे आम्हांस वाटत नाही.

त्या सभेत कोणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट आम्हांला फार नंतर कळली. हा वाद्यवृंद जन्मला तो एका चर्चच्या आवारात! 6 जुलै 1957 रोजी लिव्हरपूलच्या वुल्टन भागातील सेंट पीटर्स या अँग्लिकन चर्चची वार्षिक जत्रा होती. सोळा वर्षांचा लेनन आपल्या ‘क्वारीमेन’ या पथकासह तेथे वाजवीत होता. मिरवणुकीत ही मुले लॉरीवर चढून वाजवीत होती. रात्री चर्चच्या सभागृहात नाचाचा कार्यक्रम होता. त्या सभागृहातच एका मित्राने पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीची त्याच्याशी गाठ घालून दिली. लेनन लहानपणी याच चर्चच्या गायनवृंदात गात असे. आमच्या सणाच्या दिवशी मंडपात हाऊजी चालते, बाया पापड-लोणच्यांचे टेबल मांडतात, आणि कोपऱ्यात चार पोरे गिटारच्या तारा लावीत बसतात; तिकडचे चित्र याहून फार निराळे नसावे.

मॅकार्टनीची आई आयरिश वंशाची कॅथलिक होती. तिने दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा करविला होता. जॉर्ज हॅरिसनची आईही कॅथलिक, आणि त्याचाही बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्येच झाला होता. पुढे हॅरिसन वेगळ्या वाटेने गेला. सतार शिकण्यासाठी तो 1966 साली मुंबईस आला, आणि 1968 च्या जानेवारीत त्याने ‘दि इनर लाइट’ या गाण्याचे वादन मुंबईतच, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्या वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतले. ज्या तबकडीच्या दर्शनी बाजूस ‘लेडी मडोना’, तिच्या मागच्या बाजूस हे गाणे. लोकलच्या पासावर जाऊन येता येईल इतक्या अंतरावर हे घडत होते, आणि आम्ही बावखलात पोहत होतो.

त्यांच्या गाण्यांपैकी एकच आमच्या एका आजोबांना आवडे. त्यात गिटार नाही आणि ड्रमही नाही, केवळ आठ तंतुवाद्ये आहेत. आजोबा स्वतः व्हायोलिन वाजवीत. गाणे होते 1966 सालचे ‘एलेनॉर रिग्बी’. वुल्टनच्या त्या चर्चच्या दफनभूमीत याच नावाच्या एका स्त्रीची कबर आहे. आपण नाव तेथून जाणूनबुजून घेतले नाही असे मॅकार्टनी सांगतो. गाण्यात एक एकाकी बाई आहे आणि एक एकाकी धर्मगुरू. हा धर्मगुरू कोणी ऐकणार नाही असे प्रवचन लिहितो आणि रात्री आपले मोजे शिवतो. शब्दकोश घेऊन आम्ही हे कडवे लावले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले, हे आजही आठवते. आमच्या धर्मगुरुनिवासाच्या वरच्या खिडकीतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असे. स्वयंपाकी सायंकाळीच ताट झाकून घरी निघून जाई. फादरांच्या झग्याची खालची शिवण त्यांनीच घातलेली असावी, कारण ती वेडीवाकडी होती आणि दोरा पांढरा नव्हता. हे सारे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. फादर म्हणजे देऊळमाता आणि धर्मगुरुनिवास यांच्यामधील अंगणातून झपझप चालणारी एक आकृती, एवढेच तोवर आम्ही जाणत होतो. त्यांना संध्याकाळ असते, आणि ती सरावी लागते, हे आम्हांला एका परक्या मुलखातील गाण्याने सांगितले.

याच फादरांशी आमचा वाद झाला. 1976 सालची गोष्ट. आम्ही गायनवृंदातील सहा जण होतो, आणि ‘लेट इट बी’ हे गाणे आम्हांला मिस्सेत, ख्रिस्तप्रसादानंतर गावयाचे होते. गाण्यात संकटाच्या घडीला मेरी नावाची माता गाणाऱ्याजवळ येते आणि जे आहे ते असू दे असे त्याला समजावते. देवदूताच्या निरोपाला नाझरेथच्या मरियेने दिलेले उत्तर आम्हांला त्यात स्पष्ट ऐकू येत होते. सूरही परका नव्हता. त्यावर ऑर्गन वाजविणारा बिली प्रेस्टन हा अमेरिकेतील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत वाढलेला. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी कॉर्ड ‘एफ’वरून ‘सी’वर येऊन विसावते, ती जुन्या स्तोत्रांच्या अखेरीस ‘आमेन’ म्हणताना येते तशीच. आमच्या ऑर्गनवादक मास्तरांनी ते वाजवून दाखविले आणि म्हणाले, “हे तर आपलेच आहे.”

फादरांनी शब्द मागितले. आम्ही कागद दिला. दोन दिवसांनी त्यांनी आम्हांला बोलावले.

“गाणे वाईट नाही,” ते म्हणाले. “पण मिस्सेत नको.”

आम्ही लेननचे नाव निघेल म्हणून तयारीनेच गेलो होतो. ते निघालेच नाही.

“तुमच्या आजीने साठ वर्षे लॅटिन मिस्सा ऐकली,” फादर म्हणाले. “एक अक्षर न कळता गुडघे टेकून बसली. आता कुठे तिला स्वतःच्या भाषेत देवाशी बोलता येते. आणि तुम्ही तिच्यापुढे इंग्रजी गाणार? तिला कळेल असे काही बसवा, मी पहिल्या बाकावर बसून ऐकेन.”

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही; खरे सांगायचे तर आजही सुचत नाही. ज्या परिषदेने आमच्या हाती गिटार दिली, तिच्याच नावाने आमचे गाणे नाकारले गेले होते. आम्ही रागाने धुमसत बाहेर पडलो, आणि महिनाभराने त्याच चार कॉर्डवर एक मराठी मरियागीत रचून आणले. चाल आमचीच होती. शब्द मास्तरांनी दुरुस्त केले. ते अनेक वर्षे गायले गेले. त्यात फार काही गुण होता असे नाही, पण आजीने ते पाठ केले.

1978 च्या जुलैत आमच्या सहा जणांपैकी एकाची आई वारली. मुंबईच्या इस्पितळातून तिला परत आणले तेव्हा पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. मित्र पंधरा वर्षांचा होता. त्याच्याकडे गिटार नव्हती. आमच्यात माऊथ ऑर्गन वाजवी तो तोच. दफनभूमीत अखेरची प्रार्थना झाली, मूठमूठ माती पडली, माणसे छत्र्या सावरीत फाटकाकडे वळू लागली, तेव्हा त्याने खिशातून माऊथ ऑर्गन काढला आणि ते गाणे वाजविले. शब्द नव्हतेच, त्यामुळे ते कोणत्या भाषेत आहे हा प्रश्नच उरला नव्हता. मिस्सा संपली होती, म्हणून नियमभंगही नव्हता. फादर फाटकापर्यंत गेले होते. ते परत फिरले, त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरली. गाणे संपेपर्यंत ते स्वतः भिजत होते. आम्ही पाच जण तेथेच होतो. आमच्यापैकी कोणाला छत्री धरण्याचे सुचले नव्हते.

त्यानंतर फादरांची बदली होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार वर्षे, दर रविवारी सायंकाळी मित्र धर्मगुरुनिवासात जेवावयास जात असे. काय बोलता, असे आम्ही एकदा विचारले. “काही नाही,” तो म्हणाला, “ते वाचतात, मी अभ्यास करतो.”

लेननचा खून झाला तो 8 डिसेंबर 1980 रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी. न्यूयॉर्कला तेव्हा रात्र होती, आपल्याकडे 9 तारीख उजाडलेली. आदल्या संध्याकाळी आम्ही मरियेची गीते गाऊन घरी आलो होतो. त्याची आई ज्यूलिया, तो सतरा वर्षांचा असताना मोटारीखाली सापडून गेली होती, हेही त्या सुमारास वाचनात आले. या दोन मित्रांना एकत्र बांधणारा एक धागा दोघांचे आईवेगळेपण हा होता, असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

आणि मेरी? ती नाझरेथची नव्हे. मॅकार्टनीच्या आईचे नाव मेरी. ती परिचारिका होती, सुईण होती, आणि 31 ऑक्टोबर 1956 रोजी कर्करोगाने वारली. बारा वर्षांनी, वाद्यवृंदात बेबनाव वाढलेला असताना, ती त्याच्या स्वप्नात आली आणि त्यातून हे गाणे निघाले. ज्यांना त्यात मरियामाता दिसते त्यांनी ती खुशाल पाहावी, असेही त्याने म्हटले आहे. आमच्या एका विद्वान स्नेह्याने हा खुलासा मोठ्या विजयी मुद्रेने केला, जणू काही आमच्या हातून एक मूर्तीच काढून घेतली. आम्हांला त्यात काढून घेण्याजोगे काही दिसले नाही. आमच्या वाडीत दर तिसऱ्या घरातील आईचे नाव मेरी, मारिया नाहीतर मरियाबाई. तिन्हीसांजेला जपमाळेत हाक मारली जाई ती कोणती मेरी आणि चुलीपुढून ओ देई ती कोणती, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता.

मित्राला मात्र हे आम्ही लगेच सांगितले नाही. नाताळच्या गीतांची तालीम चालू असताना एका रात्री विषय निघाला. तो आता गायनवृंदातील लहान मुलांना शिकवितो. माऊथ ऑर्गन सुटला, गिटार आली. त्याने सगळे ऐकून घेतले.

“तेव्हा त्याचे वय किती होते?” त्याने विचारले.

“चौदा.”

“माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान,” तो म्हणाला, आणि उतरलेली तार पुन्हा सुरात लावू लागला.