संतरी आणि लाल दिवा

मे महिन्यातलं रायपूर. दुपारचे चार वाजले तरी बोनेटला हात लाववत नव्हता. टाटीबंध चौकाच्या अलीकडे डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा आधी लुकलुकला, मग लागूनच राहिला. गाडी कडेला घेतली आणि तिथेच इंजिन बंद केलं. थोडं थांबून डिपस्टिक पाहिली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं.

दुसऱ्या दिवशी नागपूर गाठायचं होतं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जवळच्या टपरीवरचा मेकॅनिक बघून म्हणाला, "साहब, सेंसर गया है. तार निकाल दो, बत्ती बुझ जाएगी. आराम से नागपुर पहुँचोगे."

मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण राजस्थानातली पोस्टिंग आठवली. तेव्हा मी नवा ड्रायव्हर. असाच दिवा लागला असताना "काही नाही, बल्ब खराब असेल" म्हणून वीस किलोमीटर गाडी दामटली. इंजिन जाम झालं. वर्कशॉपमधल्या उस्तादांनी इंजिन उघडून बेअरिंगचा चुरा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "संतरी आवाज़ दे, तो पहले बाहर देख. संतरी को डाँटना बाद में."

गाडी टोचन करून घरी आणली. ओळखीच्या गॅरेजमधून प्रेशर गेज मागून आणला.

हा सेन्सर म्हणजे साधा स्विच असतो. इंजिन बंद असताना त्याचा संपर्क जुळलेला असतो, म्हणून चावी फिरवली की दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की ऑइलचं प्रेशर आतला पडदा दाबतं, संपर्क तुटतो, दिवा विझतो.

इंजिन गार होऊ दिलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. स्विचचं कनेक्टर काढलं तर आत ऑइल भरलेलं. पडदा फाटल्याची ती खूण. तरी खात्री हवी होती. खाली चिंधी धरून डीप सॉकेटने स्विच काढला, त्याच जागी गेज बसवला, बॅटरी जोडून इंजिन सुरू केलं. गरम झाल्यावर आयडलला दीड किलो, रेस दिल्यावर तीनच्या वर. म्हणजे पंप ठणठणीत, संतरीच आजारी.

नवा स्विच तीनशे रुपयांच्या आत मिळाला. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली नाही. एका तारेच्या स्विचला अर्थिंग इंजिनमधूनच मिळतं, टेपमुळे ते तुटू शकतं. आधी हाताने फिरवला, मग सॉकेटने बेताने आवळला. जास्त जोर लावला तर आटे जातात.

चावी फिरवली. सौ. मागून म्हणाली, "अहो, दिवा तर अजून लागतोच आहे!"

म्हटलं, "आत्ता लागायलाच हवा." स्टार्टर मारला. दोन सेकंदांत दिवा विझला.

मेकॅनिकचं म्हणणं खरं निघालं. पण त्याचा तो अंदाज होता. तार काढली असती तर दिवा कायमचा विझला असता, आणि वाटेत खरंच पंप गेला असता तरी मला सगळं आलबेल दिसलं असतं. गप्प केलेला संतरी आणि निश्चिंत संतरी लांबून सारखेच दिसतात.

पहाटे पाचला निघालो. ऑपरेशनच्या आधी आईचा हात हातात होता.

जय हिंद.