लांडी

मलेरियावाल्यांनी आमच्या हौदात सोडलेल्या गप्पी माशांत नाव असलेली ही एकटीच. शेपटीचा वरचा कोपरा कुणीतरी तोडलेला, म्हणून आजीनं नाव ठेवलं लांडी. गप्पीतले नर नटवे. नारिंगी-काळे ठिपके मिरवत दिवसभर माद्यांच्या मागे हिंडायचं, एवढाच त्यांचा उद्योग. लांडी मळकट राखाडी, कायम पोटुशी आणि कुणाला न जुमानणारी. आजीनं हौदाच्या काठावर वाटी वाजवली की बाकीचे तळाशी पळायचे, ही मात्र वर यायची आणि भाकरीचा चुरा पाण्याला टेकायच्या आत ओढून न्यायची.

आमचं आसेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. हौद न्हाणीमागे, वापरायच्या पाण्याचा. तापाच्या रोग्यांचं रक्त तपासायला घरोघर फिरणारे कर्मचारी डब्यातून हे मासे आणायचे आणि हौद, रांजण, पडकी विहीर दिसेल तिथं सोडायचे. मूळची त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली ही जात डासांच्या अळ्या खाते म्हणून जगभर वाटली गेली. फुकट मिळालेला जीव, त्याला पाळीव कोण म्हणणार? पण आजीच्या लेखी गाय, मांजर आणि लांडी एकाच रांगेत होत्या.

पुसातल्या एका सकाळी लांडी वाटी वाजवूनही आली नाही. पर मिटून पृष्ठभागाशी लटकल्यासारखी उभी होती. मधूनच हौदाच्या भिंतीला अंग घासायची आणि पुन्हा तशीच थांबायची. तिला परातीत घेतली, तेव्हा पाठीवर आणि परांवर रव्याचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले.

‘‘काहून वं माय, मासोयीलेबी देवी येतात काय?’’ आजी म्हणाली, आणि तिचा हात हळदीच्या डब्याकडे गेलाच.

हळद वाचली ती मामांमुळे. मामा मंगरूळपीरला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संक्रांतीला आमच्याकडे आले होते. त्यांनी लांडीच्या अंगावरचा एक दाणा हलकेच खरवडून बाटलीत घातला, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला नेलं. काचेवर एक गोल, केसाळ जीव स्वतःभोवती गरगरत होता आणि त्याच्या पोटात नालेच्या आकाराचं केंद्रक स्पष्ट दिसत होतं. त्या नालेवरूनच हा रोग ओळखतात. याचं नाव इक्थिओफ्थिरिअस. गोड्या पाण्यात मासे पाळणारे त्याला नुसतं ‘इक’ म्हणतात.

याची खोड अशी, की तो माशाच्या कातडीच्या आत बसून खातो. तिथं औषध पोचतच नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाला जाऊन कोष करतो आणि त्या एका कोषातून शेकडो पिल्लं निघतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध चालतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे माशाच्या अंगावरचे दाणे गळाले आणि घरच्यांनी हुश्श केलं, की खरी वेळ तेव्हाच सुरू होते. मासे मरतात ते बहुधा औषध नसल्यानं नव्हे, ते अर्ध्यावर थांबवल्यानं, असं माझं मत तेव्हापासून झालं आहे.

लांडीची रवानगी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, चुलीपासून हातभर अंतरावर झाली. थंड पाण्यात या जंतूचा फेरा आठवडेच्या आठवडे चालतो, कोमट पाण्यात तो काही दिवसांत उरकतो आणि जंतू लवकर औषधाच्या तावडीत सापडतो. म्हणून ऊब हवी. मामांनी प्रयोगशाळेतला तापमापक बरणीत सोडून ठेवला होता आणि पारा अठ्ठावीसच्या आसपास राहील इतकंच बघायचं होतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे आजी जाता-येता वाटीभर पाणी उचलून उंचावरून पुन्हा बरणीत ओतायची. लिटरला दोन ग्रॅम खडेमीठ. गप्पीला मिठाचं वावडं नाही, ती खाऱ्या पाण्यातही तगते. रोज सलाईनची नळी तोंडानं ओढून तळचा गाळ, आणि त्याबरोबर कोष, बाहेर काढायचे. तेवढंच नवं पाणी त्याच उबेचं, त्याच मिठाचं घालायचं.

आणि थेंबभर मेथिलीन ब्ल्यू. बरणी निळीशार झाली तशी आजी वैतागली, ‘‘धोतराले लावाची नीय मासोयीले देता काय?’’ मामा हसले. हाच रंग पॉल एर्लिख यांनी १८९१ मध्ये हिवतापाच्या रोग्यांना औषध म्हणून देऊन पाहिला होता. हिवताप रोखायला आणलेल्या मासोळीला हिवतापाचंच जुनं औषध मिळालं, याची मला फार गंमत वाटली. आजीला वाटली नाही. तिची बोटं निळी झाली होती आणि शेजारणी विचारत होत्या.

दाणे गळाले, लांडी चुरा मागायला लागली, तरी मामांच्या सांगण्यावरून मीठ आणि नळी चालूच राहिली. दरम्यान हौदातले बरेच मासे दगावले. उरलेले बादलीत, याच उपचारावर. हौद उपसून उन्हात खडखडीत कोरडा केला, कारण पाण्याबाहेर हे कोष टिकत नाहीत.

शिमग्याच्या सुमारास लांडी परत हौदात गेली. बरणीत नर नव्हताच, तरी तिनं पिल्लं घातली. गप्पीची मादी एकदा नराशी संबंध आला की त्याचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. त्यातली काही पिल्लं तिनं लगेच गिळली. ‘‘एवढी सेवा केली, अन् हे पाहा इचे धंदे,’’ म्हणत आजीनं उरलेली तांब्यात काढून शेजारच्या रांजणात दिली. लांडी पुढचा उन्हाळा निघाल्यावर गेली, आजारानं नव्हे, वयानं. गप्पीला दोन-तीन वर्षं म्हणजे भरलं आयुष्य. सलाईनची नळी मात्र आम्ही टाकली नाही. ती पुढं रॉकेलच्या डब्यातून कंदिलात तेल भरायला कामी आली.