पुस्तक कोणासाठीं?

आमच्या जुन्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत असे. या ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय कोणता, ग्रंथाचा त्या विषयाशीं संबंध कसा आणि वाचून प्रयोजन काय, हे चार प्रश्न आधीं निकालांत निघत. मग ग्रंथ सुरू होई. हल्लींच्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर स्तुति पुष्कळ असते, परंतु यांतील पहिल्या प्रश्नाचें उत्तर क्वचितच सांपडतें. त्यामुळें चांगलें पुस्तक भलत्याच हातीं पडतें व दोष मात्र वाचणाराच्या बुद्धीस लागतो. असा एक प्रकार आमच्या घरांत घडला. तो इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें सांगतों.

आमची नात वाणिज्य शाखेची पदवीधर. तिला संगणकाची गोडी लागली आणि 'फंक्शनल प्रोग्रॅमिंग' नांवाची जी पद्धति आहे ती शिकावी, असें तिनें मनांत घेतलें. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू, म्हणजे तिचा दादा, इंजिनिअर आहे. त्यानें मोठ्या प्रेमानें तिला ॲबेल्सन व ससमन यांचें 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स' हें पुस्तक आणून दिलें. १९८५ सालीं निघालेला व १९९६ मध्यें सुधारून पुन्हां छापलेला हा ग्रंथ या विद्येंत फार मानाचा आहे. परंतु तो लिहिला गेला अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेच्या विद्यार्थ्यांकरितां. त्याच्या पहिल्याच प्रकरणांत न्यूटनच्या रीतीनें वर्गमूळ काढावयाचें असतें, आणि तें प्रकरण संपण्यापूर्वीं कॅल्क्युलसही येऊन उभा राहतो. आमची नात कॅल्क्युलस कधीं शिकलेली नव्हती.

तीन आठवड्यांनीं तिनें पुस्तक मिटून कपाटांत ठेविलें आणि "आजोबा, माझी बुद्धि या विषयाला पुरणारी नाहीं," असें सांगितलें. घरांतील एकदोघांनीं तें लागलीच मान्यही केलें. कॉमर्सची मुलगी, तिला हें कसें जमणार, असा त्यांचा सूर. ज्यानें सारा जन्म फळ्यापुढें काढला, त्याला हें वाक्य चांगलें ओळखीचें असतें. मूल एकदां असें बोलूं लागलें कीं, तें एका विषयापुरतें थांबत नाहीं. यास्तव आम्हीं यांत लक्ष घालावयाचें ठरविलें.

प्रथम विषय पाहूं. नेहमींच्या प्रोग्रॅमिंगमध्यें 'क्ष बरोबर क्ष अधिक एक' असें सर्रास लिहितात. बीजगणित शिकविणाऱ्या मास्तराच्या जिवाचें हें वाचून पाणी होतें! तेथें क्ष ही एक पेटी असून तींतील किंमत वारंवार बदलण्यांत येते. फंक्शनल पद्धतींत नांवाला एकदां दिलेली किंमत सहसा बदलत नाहीं. एखाद्या फलनांत तीच संख्या घातली कीं तेंच उत्तर यावें, आणि अशीं लहान लहान फलनें जोडून मोठें काम साधावें, हें तिचें सूत्र. एखाद्या यादीची बेरीज कशी करावयाची? यादी रिकामी असेल तर बेरीज शून्य. नसेल तर पहिली संख्या अधिक उरलेल्या यादीची बेरीज. झालें! या विचाराच्या मुळाशीं अलोंझो चर्च यांनीं १९३० नंतरच्या दशकांत मांडलेलें गणित आहे आणि जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं आरंभिलेली लिस्प ही या कुळांतील सर्वांत वडील भाषा. म्हणजे ज्याला शाळेंतील बीजगणित कळतें, त्याला येथें दार बंद नाहीं.

आतां अधिकार. फेलाइझेन व त्यांचे तीन सहकारी यांचें 'हाऊ टु डिझाइन प्रोग्रॅम्स' हें पुस्तक २००१ सालचें. दुसरी आवृत्ति २०१८ ची. तें इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतें. शालेय बीजगणिताहून अधिक तें फारसें कांहीं गृहीत धरीत नाहीं. माहितीचें स्वरूप ठरवा, फलनाचें प्रयोजन थोडक्यांत लिहा, उदाहरणें आधीं हातानें सोडवा, मग फलन रचा व शेवटीं तपासा, असा एकच क्रम त्यांत जागोजागीं गिरविला आहे. डॉ. भांडारकरांच्या 'मार्गोपदेशिके'वर ज्यांचें संस्कृत पोसलें, त्यांना ही थोडा नियम व पुष्कळ सराव देणारी रीत परकी वाटूं नये. भट्टोजी दीक्षितांची 'सिद्धान्तकौमुदी' थोर खरी. परंतु त्यांचे शिष्य वरदराज यांना 'लघुकौमुदी' कां रचावी लागली, याचा विचार करावा.

संबंधाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. हॅस्केल या भाषेवर मिरान लिपोवाचा यांचें २०११ सालीं छापलेलें एक पुस्तक आहे. त्यांत चित्रें आहेत, विनोद आहे. वाचतांना कंटाळा येत नाहीं. पण त्यांत स्वाध्याय नाहींत. ग्रॅहम हटन यांच्या 'प्रोग्रॅमिंग इन हॅस्केल'मध्यें (२००७, दुसरी आवृत्ति २०१६) थट्टामस्करी नाहीं, परंतु प्रकरणाअखेर स्वाध्याय आहेत. पहिल्यानें रुचि उत्पन्न व्हावी, दुसऱ्यानें हात बसावा. समजलें असें वाटणें आणि स्वतः करतां येणें यांत किती अंतर आहे, हें परीक्षेच्या पेपरांनीं आम्हांस पुरतें शिकविलें आहे.

राहिलें प्रयोजन. ज्याला प्रोग्रॅमिंग आधींच येतें व स्काला भाषेंत नोकरी करावयाची आहे, त्यानें 'फंक्शनल प्रोग्रॅमिंग इन स्काला'कडे वळावें. आमच्या नातीला नोकरीची घाई नव्हती. विषय समजावा एवढीच इच्छा होती. तिनें 'हाऊ टु डिझाइन प्रोग्रॅम्स' रात्रीं जेवणानंतर तासभर, असें पांच महिने केलें. समोर बसून आम्हीही वहींत तेच स्वाध्याय सोडवीत होतों. कित्येकदां तिचें उत्तर आमच्या आधीं येई. आतां कपाटांतील तें मोठें पुस्तक तिनें आपण होऊन बाहेर काढलें आहे. कॅल्क्युलसचे स्वाध्याय ती तूर्त सोडून देते, व पुढें काय अडतें तें दादाला विचारते.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. मुलाला पुस्तक आणण्यापूर्वीं त्याला आज काय येतें, तें विचारावें. पहिलें प्रकरण बहुधा कोणालाही कळतें, म्हणून तिसरें उघडावें. त्यांतील एक स्वाध्याय त्याच्याकडून करवून पाहावा. थोडा अडखळत कां होईना, पण तो सुटला तर पुस्तक घ्यावें; मुळींच उमगला नाहीं तर पुस्तक परत ठेवावें व मुलाला तसें स्पष्ट सांगावें, कीं हें तुला पुढें लागेल. एका वेळीं एकच पुस्तक पुरें.