भाचेबाईंचा बेत

सांगली, मार्गशीर्ष

चि. भाचेबाईंस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

भाचेबाईंचा बेत झोकदार आहे, हे मामाने आधीच कबूल करून टाकलेलं बरं. बामणोलीहून लाँचने कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, मेट इंदवलीला उतरायचं, मळलेल्या वाटेने वासोट्याचा गड चढायचा. बाबूकड्यावर पोहोचलं की बाकीची मंडळी फोटो काढून माघारी वळतील, तेव्हा भाचेबाई धरून चौघांनी कड्याच्या कडेने रान फोडत समोरच्या जुन्या वासोट्यावर जायचं, रात्र तिथेच काढायची आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच सोंडेने पाण्याकडे उतरायचं. सोबत नकाशाची प्रत आणि तिच्यावर पेन्सिलीची रेघही आली आहे. रेघ सुरेख आहे. शाळेत भाचेबाईंची चित्रकला चांगलीच होती.

आता शेरा. हा बेत बेकायदा आहे. कोयनेचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. पुढे २०१० मध्ये कोयना आणि चांदोली जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्या यादीत ही दोन्ही जंगलं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. वासोट्याचा परवाना वनखातं देतं, पण तो एका ठरलेल्या वाटेपुरता. जाताना पिशवीतलं प्लॅस्टिक मोजून घेतात, संध्याकाळच्या आत बोटीत बसावं लागतं, मुक्कामाला बंदी आणि पावसाळ्यात सगळंच बंद. 'कोण बघतंय' असं भाचेबाईंच्या पत्रात एका ठिकाणी लिहिलेलं आहे. वाघांच्या मोजणीसाठी या रानात झाडाझाडांना कॅमेरे बांधलेले असतात, तेव्हा बघणारे पुष्कळ आहेत.

मामा काही वनखात्याचा वकील नव्हे. पत्रातल्या ज्या वाक्याने हे उत्तर लांबलं ते वेगळंच आहे: 'तिथे कधीच कोणी गेलेलं नाही, तेच तर आकर्षण आहे.' इथे मात्र भाचेबाईंना इतिहास आडवा येतो.

जुन्या वासोट्यावर माणसं गेलेली आहेत, आणि रिकाम्या हातांनी गेलेली नाहीत. वासोट्यासमोरचा हा डोंगर गडावर नजर ठेवून आहे. गड घ्यायचा तर आधी तो घ्यावा, हे वेढा घालणाऱ्या कुणालाही दिसत असे. पंत प्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने वासोटा लढवला आणि पेशव्यांच्या बापू गोखल्यांना महिनोन्‌महिने झुंजवलं, ती हकिकत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. १८१७ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने छत्रपतींच्या घराण्यातली माणसं याच गडावर ठेवली होती. दोन इंग्रज अधिकारीही तिथे कैदेत होते. १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरची फौज आली आणि जुन्या वासोट्यावरून झालेल्या तोफांच्या माऱ्यानंतर गड पडला. जिथे तोफ चढली तिथे आज पाठीवरची पिशवी कारवीत अडकते. मधल्या दोनशे वर्षांत डोंगराची उंची वाढलेली नाही. वाटा मोडल्या आहेत.

त्या का मोडल्या, हे भाचेबाईंनी कोयनेच्या पाण्याला विचारावं. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धारेच्या पायथ्याशी, नदीकाठाने गावं होती. त्यांच्या ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा, कोकणात उतरणाऱ्या बाजाराच्या वाटा डोंगरभर पसरलेल्या होत्या. १९६० च्या दशकात धरण उभं राहिलं, शिवसागर भरला आणि गावं उठली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी ठाण्या-रायगडकडे, कुणी आमच्या सांगलीच्या बाजूला. वारणेवरच्या चांदोलीतही पुढे तेच झालं. धरण झालं, १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि जंगलातल्या वाड्या एकेक करून खाली मैदानात आल्या. ज्यांचे पाय या डोंगरात मुरलेले होते ती माणसं आता सपाट शेतात आहेत. गुरं गेली की ढोरवाट दोन-चार पावसाळ्यांत बुजते. चांदोलीच्या रानात आज मोडक्या जोत्यांवर गवे चरतात, आणि तिथे वाघांची संख्या वाढावी म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये थेट ताडोब्यातून एक वाघीण आणून सोडली आहे. भाचेबाईंना जे अनाघ्रात वाटतं ते असं रिकामं केलेलं घर आहे, आणि त्याला सध्या नवे भाडेकरू आहेत.

म्हणून वाट सोडून डोंगर चढायचा तर आधी त्या डोंगराची वाट ठाऊक असलेलं माणूस शोधावं, आणि नकाशा मग उघडावा. भाचेबाईंचा क्रम उलटा पडला आहे.

तरी नकाशाचंही बोलू. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५० हजारास एक या प्रमाणाचे नकाशे आता घरबसल्या उतरवून घेता येतात, वासोट्याचा भाग '४७ जी' या जुन्या क्रमांकात येतो. त्यातल्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. आता सह्याद्री कसा घडला ते आठवावं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, भाकरीच्या चवडीसारखे. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून पदर झाला, कठीण थर कातळकडा म्हणून उभा राहिला. त्यामुळे इथली प्रत्येक सोंड पायरीपायरीने चढते: झाडीचा पदर, मग कातळ, पुन्हा पदर, पुन्हा कातळ. नकाशातल्या दोन समोच्च रेषांच्या फटीत पंधरा मीटरचा उभा कडा बेमालूम लपतो. नकाशावर तो नुसता जरा दाट उतार दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर उभं राहिल्यावर खाली झाडांचे शेंडे दिसतात आणि दोर नसेल तर दिवस तिथे संपतो. पेन्सिलीची रेघ अशा निदान तीन जागांवरून जाते, असं मामाला वाटतं.

याच कारणाने 'हरवलात तर ओढा धरून उतरा, पाणी गावाला नेतं' हा जगभरचा सल्ला सह्याद्रीत धोक्याचा आहे. इथला ओढा कातळावर आला की धबधबा होतो, मग तो पावसाळ्यात वाहता असो की मार्गशीर्षात कोरडा. पश्चिमेला तर हजारेक मीटर खाली थेट कोकण. बाबूकड्याचा तो नालेच्या आकाराचा उभा काप पाहिला की वेगळं समजवावं लागत नाही. वाट चुकलीच तर ओढ्याऐवजी धार गाठावी. धारेवर वारा असतो, उजेड असतो, नशीब असेल तर फोनला रेंजही असते, आणि कुठल्या खोऱ्यात उतरायचं ते दिसतं.

होकायंत्र नेणार असल्याचं वाचून बरं वाटलं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेव्हा ते गणित डोक्याला लावून घेऊ नये. फोनमधलं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा आणि बॅटरीला दुसरी बॅटरी हवी. 'आम्हाला दिशेचा अंदाज चांगला आहे' या वाक्यावर मात्र मामाने लाल रेघ मारली आहे. २००९ मध्ये यान सौमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका सपाट जंगलात माणसांना 'सरळ चालत राहा' एवढंच सांगून सोडलं आणि त्यांच्या वाटा जीपीएसने नोंदवल्या. सूर्य दिसत होता तेव्हा ती जवळजवळ सरळ गेली. आभाळ झाकलेलं असताना गोल फिरली, आणि काहींनी स्वतःचीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता लागला नाही. आपल्याकडचे गुराखी याला चकवा लागला म्हणतात आणि थोडा वेळ खाली बसायला सांगतात. बसल्याने दिशा कळत नसेल, पण चुकीच्या दिशेने चालणं तरी थांबतं. कारवीच्या रानात, जिथे डोक्याच्या वर पान आणि पुढे दोन हातांवर भिंत, तिथे सूर्य असून नसल्यासारखाच.

वेळेचा हिशेब बेतात सर्वांत कच्चा आहे. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. तलावाच्या काठावरून वासोट्याचा माथा साधारण पाचशे मीटर वर आहे, तरी मळलेल्या वाटेने लोकांना अडीच-तीन तास लागतात. हा ठोकताळा वाटेवरचा, धडधाकट माणसाचा, थंड देशातला. वाट सोडली की कारवी बाजूला सारत, करवंदीच्या काट्यांतून, घसाऱ्यावर तोल सांभाळत तासाला एक किलोमीटर निघालं तरी पुष्कळ. भाचेबाईंनी तिथेही तासाला तीन धरले आहेत. बहुधा पर्वतीवरचे.

पाणी, साप आणि खाज यांवर एकेक ओळ पुरे. माथ्यावरची टाकी मार्गशीर्षात भरलेली असली तरी सोंडेवर थेंब मिळणार नाही, तेव्हा माणशी चार लिटर. फुरसं पाचोळ्यात आणि दगडाच्या फटीत असतं, म्हणून हात टेकण्याआधी काठी टेकावी; चावलंच तर पट्टे आवळत आणि चिरा देत बसू नये, अंग न हलवता प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावं. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात आणि त्यांची कुसं वाऱ्याने उडतात, म्हणून बाह्या पूर्ण. उरलं अस्वल. ते वाघ-बिबट्यापेक्षा अवघड, कारण ते आपल्या नादात असतं आणि अचानक समोर आलं की पळण्याऐवजी अंगावर येतं. रानात गप्पा मारत चालावं. भाचेबाईंना याचा सराव करावा लागणार नाही.

एवढं सगळं लिहून मामा 'जाऊ नका' म्हणणार, अशी त्यांची खात्री झाली असेल. तसं नाही. मामाचा पर्याय मकरंदगड.

तो सातारा जिल्ह्यातच, महाबळेश्वर तालुक्यात, प्रतापगडाच्या दक्षिणेला आहे. मधु आणि मकरंद अशी दोन शिखरं आणि मध्ये खोगीर. महाबळेश्वरच्या पॉइंटांवरून तो दिसतो, इंग्रजांनी त्या आकारावरून त्याला 'सॅडल बॅक' म्हटलं. चढ दाट झाडीतला. चतुरबेटकडून किंवा हातलोटकडून वर येता येतं. आणि मुख्य म्हणजे गडाच्या पदरात घोणसपूर हे गाव आजही नांदतं आहे. मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आहे, गुरं आहेत, म्हणजे ढोरवाटा आहेत, म्हणजे त्या कुठे संपतात ते सांगणारी माणसं आहेत. मकरंदचा माथा सगळे करतात. मधुच्या शिखराकडे फारसं कोणी फिरकत नाही, तिकडचं रान दाट आणि वाट अवघड. भाचेबाईंना हवं ते सगळं तिथे आहे, आणि शिवाय विचारायला माणूस आहे.

तिथेही राखीव वन आहेच, तेव्हा आधी वनखात्याच्या स्थानिक कचेरीत जाऊन कुठे जाता येतं, कुठे नाही ते विचारून घ्यावं. ते नाही म्हणाले तर नाही. परवानगी मिळाली तर आदल्या संध्याकाळी घोणसपुरात पोहोचावं आणि वाटाड्या ठरवावा. त्याचे पैसे आधी बोलून घ्यावेत, घासाघीस करू नये. त्याच्या हातातल्या कोयत्याला किती काम द्यायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. झाडांना रंगाच्या खुणा करणं, फांद्या मोडत जाणं हे शहरी उद्योग करू नयेत. सकाळी उजाडताच निघावं. दुपारी बाराला जिथे असतील तिथून, शिखर हाकेच्या अंतरावर दिसत असलं तरी, मागे वळावं. ही वेळ घरून ठरवून जावी आणि चौघांनी तिला आधीच मान्यता द्यावी, कारण साडेअकराला शिखर दिसायला लागल्यावर कुणीही शहाणं राहत नाही. चौघांत सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावं. तो बहुधा तो पुण्याचा मित्र असेल, ज्याच्या नव्या कोऱ्या बुटांचं पत्रात दीड पान वर्णन आहे. बूट आधी महिनाभर घालून फिरायला सांगावे.

निघण्यापूर्वी एका कागदावर चौघांची नावं, गाडीचा क्रमांक, वाटाड्याचा फोन, जायची-यायची सोंड आणि वळायची वेळ लिहून एक प्रत इकडे पाठवावी, दुसरी गाडीच्या काचेत ठेवावी. रात्री आठपर्यंत खुशालीचा फोन आला नाही तर मामा आधी घोणसपुरात चौकशी करील, मग ११२ ला आणि महाबळेश्वर ट्रेकर्सच्या मंडळींना कळवील. ही माणसं रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरून लोकांना वर आणतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून फोन साडेसातला आला तर अधिक बरं.

वासोट्यालाही जावं, जरूर जावं. परवाना काढून, मळलेल्या वाटेने. बाबूकड्यावर बसून समोरचा जुना वासोटा डोळे भरून पाहावा आणि चारच्या बोटीला हजर राहावं.

मामीचे आशीर्वाद. आईला नमस्कार सांगणे.

आपला,
मामा

ता. क. — कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, वासाचं तेल, धूर आणि आरडाओरडा वर्ज्य. एक माशी चावली की तिच्या डंखाबरोबर सुटणाऱ्या रसायनाने बाकीच्यांना निरोप जातो, आणि त्या रसायनाला पिकल्या केळ्यांसारखा वास असतो. तेव्हा शिदोरीत केळी नकोत, दशम्या घ्याव्यात, असं मामीचं मत पडलं आहे आणि त्या ती पाठवणार आहे.